केरुंग की सिमिकोट? नेपाळमार्गे कैलास-मानसरोवर ठरवताना

सरकारी यात्रेच्या सोडतीत नाव आलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. उत्तराखंडची लिपुलेख खिंड मिळो नाहीतर सिक्कीमची नाथू ला, मुकाट्यानं बॅग भरायला घ्यावी. पण २०२० पासून बंद असलेली ती यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा अख्ख्या देशासाठी जागा होत्या ७५०: लिपुलेखमार्गे पन्नासजणांच्या पाच तुकड्या आणि नाथू लामार्गे दहा. बाकी सगळ्यांची वाट नेपाळमधून, खासगी यात्रा कंपनीबरोबर. आणि तिथे फाटा फुटतो. काठमांडूहून गाडीनं निघून, रसुवागढीला सरहद्द ओलांडून तिबेटातलं केरुंग-सागा-मानसरोवर करायचं, की नेपाळगंजहून विमानानं सिमिकोट, तिथून हेलिकॉप्टरनं नेपाळच्या सरहद्दीवरचं हिल्सा आणि मग पलीकडे तिबेटातलं तकलाकोट?

दोन्ही वाटा मला ठाऊक आहेत आणि माझा कल एका बाजूला आहे. तो का आहे हे कळलं, तर तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं येऊ शकतं.

माहितीपत्रकात सिमिकोटची बाजू वरचढ दिसते. दहा-अकरा दिवसांत माणूस घरी. केरुंगला तेरा ते पंधरा लागतात. हेलिकॉप्टरमुळे माणशी पन्नास-पंचाहत्तर हजारांचा फरक सहज पडतो, कंपनी आणि महिना बघून कमी-जास्त. काठमांडूला मुंबईहून थेट विमान मिळतं. नेपाळगंजला जायचं तर लखनौपर्यंत विमान आणि पुढे बहराइच-रुपईडीहामार्गे चार-पाच तास गाडी, तेही अवघड नाही. त्यामुळे रजा कमी आणि हात सैल असला की माणूस डोळे झाकून हेलिकॉप्टर घेतो.

उंचीचं गणित, आणि त्यातली मेख

हेलिकॉप्टरवाले आणखी एक मुद्दा पुढे करतात: या वाटेनं उंची हळूहळू वाढते. आकडे तसेच आहेत. सिमिकोट सुमारे २,९०० मीटर, हिल्सा ३,६५० च्या आसपास, तकलाकोट ३,९००, मानसरोवर ४,५९०. पायऱ्या बऱ्यापैकी समान. याउलट केरुंग २,८०० च्या आसपास आणि दुसऱ्या दिवशीचा मुक्काम सागा ४,५००. एका दिवसात सतराशे मीटर, आणि मध्ये ५,२०० मीटरची खिंड. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या ठिकाणाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम. केरुंग-सागा टप्पा तो तिप्पट मोडतो.

इथवर सिमिकोट पुढे. पण हे गणित सिमिकोटला एक रात्र काढली तरच बरोबर येतं. प्रत्यक्षात काय होतं? नेपाळगंज जेमतेम दीडशे मीटरवर आहे. सकाळी तिथून उडालात, सिमिकोटला आभाळ मोकळं निघालं, तर कंपनीचा माणूस तुम्हाला विश्रांती घेऊ देत नाही. उद्या ढग बसले तर काय, ही त्याची भीती, आणि ती खोटी नसते. मग त्याच सकाळी हिल्सा, दुपारी इमिग्रेशन, संध्याकाळी तकलाकोट. दीडशेवरून ३,९०० वर, एका दिवसात. म्हणजे ही वाट ठरल्याप्रमाणे झकास चालली तर उंचीचा धक्का केरुंगपेक्षा मोठा बसतो, आणि उंची नीट अंगवळणी पडायची असेल तर वाट थोडी बिघडावी लागते! तकलाकोटला दोन रात्री असतात म्हणून बहुतेकांचं निभावतं. त्या दोन रात्रींना हात लागला तर मात्र कठीण, आणि हात नेमका तिथेच लागतो. ते पुढे येईलच.

केरुंगच्या बाबतीत दुखणं उघड आहे, त्यामुळे उपायही उघड आहे: रात्री वाढवून घ्यायच्या. बऱ्याच कंपन्या केरुंगला दोन रात्री देतात आणि विरळ हवेची सवय व्हावी म्हणून दिल्या असं सांगतात. केरुंगला दुसरी रात्र वाईट नाही, पण २,८०० मीटरवर शरीर जे शिकतं ते ४,५०० ला फारसं पुरत नाही. जास्तीची रात्र सागाला मागून घ्या. त्याहून उत्तम म्हणजे केरुंगच्या वर साधारण सत्तर किलोमीटरवर ४,१०० मीटरच्या आसपास जोंगखा आहे, केरुंग परगण्याचं मुख्य गाव. तिथे मुक्काम टाकता आला तर सतराशेची उडी तेराशे आणि चारशे अशी तुटते. सगळ्या कंपन्या हे करत नाहीत. विचारलं तर काही करतात.

डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, दोन्ही वाटांना लागू. १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर चढायच्या आदल्या दिवसापासून, हा प्रतिबंधाचा नेहमीचा डोस. पण घरच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगून. गोळी घेतली की लघवी वाढते, म्हणून लोक पाणी कमी पितात आणि डोकेदुखी ओढवून घेतात. सागाच्या दुकानातून मिळणारे ऑक्सिजनचे छोटे कॅन चार मिनिटांचा दिलासा देतात, त्यापलीकडे काही नाही. आणि एकादशी, सोमवार, चातुर्मासाचे नेम या दिवसांत बाजूला ठेवायचे. उंचीवर भूक आपणहूनच मरते. त्यात उपास केला की दुसऱ्या दिवशी माणसाला घोड्यावरसुद्धा बसवत नाही. मेतकूट-भात आणि लिंबाचं लोणचं तिथे पक्वान्नापेक्षा जास्त खपतं.

घोडं अडतं ते सिमिकोटला

माझ्यासाठी निकाल लावला तो एका कटकटीनं, आणि ती कटकट म्हणजे सिमिकोटची वाट बघणं. नुसतं थांबायला माझी हरकत नाही. पण तिथे थांबण्याची किंमत पुढे कुठे वसूल होते ते बघा.

नेपाळगंज-सिमिकोट छोटी विमानं जातात, दीड-दोन डझन माणसांची. डोंगरातल्या धावपट्टीवर वैमानिक डोळ्यांनी बघून उतरवतो, म्हणून ढग असले की उड्डाण नाही; आणि दुपारी दरीत वारा सुटतो, म्हणून जे काही व्हायचं ते सकाळीच. सिमिकोटहून पुढे यात्रेकरूंची हेलिकॉप्टरं एका खेपेला साधारण पाच माणसं नेतात. तीस जणांचा गट म्हणजे सहा खेपा. जायला वीस-पंचवीस मिनिटं, यायला तितकीच, चढ-उतार आणि सामान धरून एका खेपेला तास गेला म्हणायचं. सकाळी सहा ते अकरा ही खिडकी पूर्ण मिळाली तरी एक हेलिकॉप्टर चार-पाच खेपा करतं. म्हणजे उत्तम हवेतही तुमच्या एका गटाचे सगळे पलीकडे पोचत नाहीत, आणि सिमिकोटला तुमचा एकच गट कधीच नसतो. आदल्या दिवशीचे राहिलेले असतात, आणि पलीकडून परतणारेही त्याच हेलिकॉप्टरांवर डोळा ठेवून असतात.

त्यात वजन. नेपाळगंजला सामान काट्यावर चढतं, बरेचदा तुम्हीही चढता. डफल बॅगेला साधारण दहा किलो आणि हातातली पिशवी, एवढीच मुभा. पंच्याऐंशी-नव्वद किलोच्या माणसाला काही ठिकाणी जादा पैसे पडतात किंवा त्याच्या खेपेत एक माणूस कमी घेतात. डफल तुमच्याबरोबरच येईल असंही नाही. स्वयंपाकाच्या भांड्यांबरोबर मागच्या खेपेनं येते. म्हणून डाऊन जॅकेट, औषधं, पासपोर्ट आणि एक जोडी कोरडे मोजे हातातल्या पिशवीत. हिल्साला कर्णालीच्या काठी संध्याकाळी वारा सुटतो तेव्हा हे मोजे आठवतात.

आता व्हिसा. तिबेटसाठी भारतीयांना मिळतो तो ग्रुप व्हिसा. कागद एकच, त्यावर सगळ्यांची नावं अनुक्रमानं, आणि इमिग्रेशनला त्याच क्रमानं रांगेत उभं राहायचं. गट पूर्ण झाल्याशिवाय शिक्का नाही. म्हणजे पंचवीस जण हिल्साला पोचून बसले आणि पाच सिमिकोटला राहिले, तर पंचवीसही राहिले. हिल्सा म्हणजे नदी, झुलता पूल, पत्र्याच्या छपरांची पाच-पन्नास घरं आणि दोन खाटांमध्ये पाय ठेवायला जागा नसलेल्या खोल्या. त्यात तिबेटचं घड्याळ बीजिंगचं, नेपाळच्या सव्वादोन तास पुढे. तुमचं शेवटचं हेलिकॉप्टर नेपाळच्या साडेअकराला उतरलं की पलीकडे पावणेदोन वाजलेले असतात आणि कचेरीची दुपारची सुट्टी चालू.

आत शिरायची तारीख पुढे गेली तरी बाहेर पडायची जात नाही. परमिट, पलीकडच्या गाड्या, तिबेटी गाइड, कैलासाच्या पायथ्याचं दारचेन आणि परिक्रमेतला पहिला मुक्काम दिरापुक इथल्या खोल्या, सगळं तारखेला बांधलेलं. मग गेलेले दिवस कुठून काढायचे? पहिली कात्री तकलाकोटच्या विश्रांतीच्या रात्रीला लागते. दुसरी मानसरोवरच्या मुक्कामाला. तिसरी थेट कैलासाच्या तीन दिवसांच्या पायी परिक्रमेला: ती जिथून सुरू होते त्या यमद्वारापर्यंत जाऊन दर्शन, किंवा दिरापुकपर्यंत जाऊन माघारी. पहिली कात्री लागली की परिक्रमेत आजारी पडणाऱ्यांची संख्या वाढते, म्हणजे एका अर्थी तीही परिक्रमेलाच लागते. ज्या तीन दिवसांसाठी माणूस अडीच लाख मोजतो, तेच तीन दिवस सिमिकोटच्या ढगांना तारण ठेवलेले असतात.

परतीला हे सगळं उलट्या दिशेनं पुन्हा, फक्त आता माणसं थकलेली आणि लखनौहून परतीची विमानं ठरलेली. जुलै २०१८ मध्ये पावसानं सिमिकोट, हिल्सा आणि तिबेटची बाजू मिळून दीड हजाराहून जास्त भारतीय यात्रेकरू अडकले होते. भारतीय दूतावासाला सुटकेसाठी धावपळ करावी लागली. ती टोकाची गोष्ट. पण दीड-दोन दिवसांचा खोळंबा हा पावसाळ्यात नित्याचा, माझ्या अनुभवात तरी तो अपवादापेक्षा नियमाच्या जवळ जातो.

केरुंगची दुखणी

केरुंगची वाट साजूक आहे असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. काठमांडूहून त्रिशुली, धुंचे, स्याब्रुबेसी, तिमुरे अशी वाट. अंतर दीडशे किलोमीटरच्याही आत, वेळ सात ते नऊ तास. धुंचेच्या अलीकडे-पलीकडे पावसात दरडी येतात, गाडी अर्धा दिवस अडकते. म्हणून काठमांडूहून निघून त्याच दिवशी सरहद्द ओलांडायचा बेत आखणारी कंपनी टाळा. स्याब्रुबेसी किंवा तिमुरेला रात्र काढून सकाळी सरहद्दीवर पहिल्या गटांत उभं राहायचं. इथेही तेच सव्वादोन तासांचं घड्याळ आणि तीच दुपारची सुट्टी. नेपाळची गाडी अलीकडे थांबते, सामान पुलावरून न्यायचं, पलीकडे दुसरी बस. तपासणी कसून होते. दलाई लामांचा फोटो, तिबेटवरची पुस्तकं, नकाशे बॅगेतच काय, फोनमध्येही ठेवू नका.

आणि पूल. ८ जुलै २०२५ च्या पहाटे भोटेकोशीला पूर आला आणि रसुवागढीचा मितेरी पूल वाहून गेला. केरुंगच्या आधी पूर्वेकडची कोदारीची वाट जोरात होती, ती २०१५ च्या भूकंपानं बंद पडली आणि २०१७ पासून केरुंग परदेशी प्रवाशांना खुलं झालं म्हणून हा मार्ग रुळला. तेव्हा केरुंग भरवशाचं म्हणताना मी आवाज जरा खालीच ठेवतो. पुलाची आणि रस्त्याची आजची स्थिती काय, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या, आणि कंपनीकडे लेखी पर्यायी मार्ग आहे का तेही.

तरीसुद्धा फरक आहे. केरुंगची वाट तुटली तर ती सगळ्यांसाठी तुटते, बातमी होते, आणि बहुतेक वेळा तुम्ही अजून घरी किंवा काठमांडूत असता. छोटी दरड पडली तर चालत पलीकडे जाऊन दुसरी गाडी धरता येते. नेपाळी चालक हे रोज करतात. सिमिकोटला पर्यायच नाही. आभाळ उघडलं तर उघडलं. शिवाय केरुंगला गट एकत्र असतो. तीस जण एका बसमध्ये, एकाच रांगेत, एकाच वेळी. ग्रुप व्हिसाला हवं असतं ते नेमकं हेच.

सरहद्द ओलांडली की पुढचा रस्ता सलग डांबरी. केरुंग-सागा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, सागा-मानसरोवर साडेचारशेहून जास्त. कंटाळवाणे दिवस आहेत, हे खरं. पाठदुखीवाल्यानं बसच्या मागच्या दोन ओळी टाळाव्यात. स्वच्छतागृहांबद्दल न बोललेलं बरं. दोन्ही वाटांवर सारखंच.

वाटेत काय दिसतं

इथे मी सिमिकोटला न्याय देईन. कर्णालीच्या दरीतून वर येताना हिल्सा आणि तकलाकोटच्या मध्ये खोजरनाथचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, लागतो. तिथल्या तीन उभ्या मूर्तींना आपले यात्रेकरू राम-लक्ष्मण-सीता मानून हात जोडतात. बौद्धांसाठी मधली मंजुश्री, बाजूला अवलोकितेश्वर आणि वज्रपाणी. केरुंगच्या वाटेनं आलेल्यांना हा गोंपा सहसा मिळत नाही. तकलाकोटजवळ तोयोला जनरल जोरावरसिंगांची समाधी आहे. डिसेंबर १८४१ मध्ये ते तिथे लढताना पडले. आणि गुर्ला ला ही खिंड! डावीकडे राक्षसताल, मागे ७,६९४ मीटरचं गुर्ला मांधाता शिखर, आणि तळ्याच्या निळ्या पट्टीपलीकडे एकटा उभा कैलास. पहिलं दर्शन म्हणून याला तोड नाही. केरुंगवाल्यांना कैलास दिसतो तो होर गावाच्या बाजूनं, मानसरोवराच्या पूर्वेकडून, आणि ढग असतील तर त्या दिवशी दिसतही नाही.

केरुंगच्या वाटेचं वैभव पसरट आहे. पैकुत्सो तलावापलीकडे ८,०२७ मीटरची शिशापांगमा दिसते, पूर्णपणे तिबेटच्या हद्दीतलं एकमेव आठ हजारी शिखर. सागाला ब्रह्मपुत्रा ओलांडायची, जी तिथे यार्लुंग त्सांगपो असते. पुढे परयांग गावाच्या बाजूला नदीकाठी चक्क वाळूच्या टेकड्या. मग ५,२०० मीटरची मायुम ला खिंड. आणि केरुंग गावातच नेपाळी पॅगोडा धाटणीचं फाग्पा मंदिर आहे, ज्याची मूळ मूर्ती आता धरमशालेत दलाई लामांकडे असते. वर जोंगखाच्या बाजूचा गुंगथांग प्रदेश हा तिबेटी संतकवी मिलारेपाचा जन्ममुलूख. परिक्रमेच्या दुसऱ्या रात्री तुम्ही झुथुलपुकला ज्या गुहेपाशी मुक्कामाला येता, ती याच मिलारेपाची. ज्याला नुसतं दर्शन घेऊन परतायचं नाही, भूगोल पायाखालून जाऊ द्यायचा आहे, त्याला हे पाच दिवस वाया गेले असं वाटणार नाही. माझा कल इकडे असण्यात याचाही वाटा आहे, तेवढा सोडून द्या हवा तर.

मानसरोवर आणि परिक्रमा दोन्ही गटांना सारखीच. सरोवरात उतरून स्नानाला आता मनाई. बादलीनं पाणी काढून काठापासून लांब अंघोळ. चिऊ गोंपाच्या टेकडीवरून पहाटे कैलास चांगला दिसतो.

हेलिकॉप्टर घेतलं म्हणून चालणं चुकत नाही

गुडघे दुखतात म्हणून सिमिकोट घेणारे बरेच भेटतात. त्यांना एवढंच सांगणं की हेलिकॉप्टर तकलाकोटच्या अलीकडेच संपतं. दारचेनहून बसनं यमद्वार, तिथून पहिल्या दिवशी दिरापुक, बारा-एक किलोमीटर आणि सोपं. दुसरा दिवस खरा: दिरापुकहून ५,६३० मीटरची डोल्मा ला आणि पलीकडे झुथुलपुक, बावीस किलोमीटर, आठ ते दहा तास. घोडा केला असला तरी खिंडीच्या पलीकडची उतरण घोड्यावर करू देत नाहीत. गौरीकुंड उजव्या हाताला खाली ठेवून सुट्या दगडांवरून जवळपास चारशे मीटर पायी उतरायचं, आणि गुडघ्याची परीक्षा चढापेक्षा या उतारावर होते. दोन काठ्या, आणि घोड्याबरोबर वेगळा पोर्टर. घोडेवाला घोडा घेऊन पुढे निघून जातो आणि तुमची पिशवी त्याच्याकडे राहते. घोडा आणि पोर्टर यमद्वारालाच ठरतात, चिठ्ठ्या टाकून वाटले जातात, पैसे तिन्ही दिवसांचे युआनमध्ये. वाटेत मध्येच घोडा मिळेल या आशेवर राहू नये.

या दुसऱ्या दिवसाला तुम्ही किती मुरलेल्या शरीरानं पोचता, त्यावर सगळं आहे. केरुंगमार्गे, सागाला दोन रात्री काढून आलेला माणूस दिरापुकला पोचतो तेव्हा ४,५०० च्या वर त्याच्या चार-पाच रात्री झालेल्या असतात. सिमिकोटवाल्याच्या कात्री लागली नाही तर दोन-तीन, लागली तर एखादी. दिरापुकला जेवणावर वासना असलेले आणि उशीला टेकून बसलेले यांची विभागणी मला बरेचदा या हिशेबानंच दिसते. हे मोजमाप नव्हे, नजरेचा अंदाज. धडधाकट सिमिकोटवाले आणि ढेपाळलेले केरुंगवालेही असतात.

एका बाबतीत केरुंग सपशेल मागे

तब्येत बिघडली तर. सागाला किंवा परयांगला फुप्फुसात पाणी झालं, म्हणजे बसल्या जागी धाप, ओला खोकला, ओठ निळसर, तर इलाज एकच: खाली उतरवणं. आणि सागाहून केरुंगला उतरायचं तर आधी ५,२०० ची खिंड चढावी लागते. तकलाकोटची वाट याबाबतीत दयाळू आहे. दारचेनहून तकलाकोट शंभर किलोमीटरच्या आसपास, दोन तासांत सहा-सातशे मीटर खाली. तिबेटमध्ये यात्रेकरूसाठी हेलिकॉप्टर येत नाही. म्हणून परिक्रमेत कोणी गंभीर झालं तर, आला असेल केरुंगहून तरी, त्याला गाडीनं तकलाकोट आणि हिल्साला नेऊन तिथूनच नेपाळगंजला उडवतात. त्यासाठी ग्रुप व्हिसातून त्याचं नाव वेगळं काढावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. प्रवास विमा घेताना ५,६३० मीटरपर्यंतची चाल आणि हेलिकॉप्टरनं सुटका, दोन्ही त्यात आहे का हे वाचून घ्या. नेहमीच्या पॉलिसीत ठरावीक उंचीच्या वरचं वगळलेलं असतं.

त्यामुळे पूर्वी उंचीवर फुप्फुसाचा किंवा मेंदूचा त्रास झालेल्या माणसाला मी केरुंग सुचवणार नाही. खरं तर त्यानं कुठल्याच वाटेनं डॉक्टरांच्या परवानगीशिवाय जाऊ नये. उंचीचाच घोर असेल आणि पैसा-वेळ हाताशी असेल तर ल्हासामार्गे जाणं सगळ्यात शहाणपणाचं: ३,६५० मीटरवर दोन-तीन रात्री, मग शिगात्से, मग पश्चिमेला. लांब पडतं, महाग पडतं, पण शरीर कुरकुर करत नाही.

महिना बघून

जून उजाडला की नेपाळच्या बाजूला पावसाची चाहूल लागते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सिमिकोटचं आभाळ बेभरवशाचं. या दिवसांत माझं मत पक्कं केरुंगच्या बाजूनं. मे महिन्यात, किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात आभाळ धुऊन निघाल्यावर, ते सैल होतं. रजा मोजून अकरा दिवसांचीच असेल तर या दोन खिडक्यांत सिमिकोट घ्यायला हरकत नाही, सिमिकोटला एक रात्र आणि परतीला एक राखीव दिवस धरून. तो राखीव दिवस लखनौच्या विमानाआधी ठेवायचा, घरी पोचल्यावरचा रविवार त्यात मोजायचा नाही.

२०२६ मध्ये जाणाऱ्यांनी आणखी एक धरून चालावं. हे तिबेटी पंचांगातलं अश्ववर्ष आहे आणि या वर्षातली एक परिक्रमा इतर वेळच्या अनेक परिक्रमांच्या पुण्याची, अशी तिबेटी श्रद्धा आहे. मे-अखेरीच्या सागादावा या बौद्ध सणाच्या पौर्णिमेला दारचेनजवळच्या तारबोचेचा ध्वजस्तंभ नव्यानं उभा राहतो तेव्हा तर दारचेनला पाय ठेवायला जागा नसते. अशा वर्षी सिमिकोटला एक दिवस गमावलेल्या गटाची दिरापुकची खोली दुसऱ्या गटाला गेलेली असते, आणि दिरापुकला दुसरी खोली शोधायला फार घरं नाहीत.

कंपनीशी बोलताना हॉटेलचे तारे आणि जेवणात पुरणपोळी आहे का हे विचारण्यात वेळ घालवू नका. केरुंग घेत असाल तर विचारा: सागाला किती रात्री, सरहद्दीच्या आदल्या रात्री मुक्काम कुठे, पूल किंवा रस्ता बंद असेल तर काय करणार आणि त्याचा जादा खर्च कोणाचा. सिमिकोट घेत असाल तर: हेलिकॉप्टर आपल्या गटासाठी राखलेलं आहे की तिथे गेल्यावर मिळेल ते, खोळंबा झाला तर वेळापत्रकातला कोणता दिवस आधी कापणार, आणि परिक्रमा कापली तर पैसे परत किती. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी देतील ते धरू नका; बुकिंगच्या कागदावर लिहून मागा, आणि लिहून मिळाल्यावरच आगाऊ रक्कम भरा.